सोमवारची तारीख पुढे ढकला

‘मॅडम, सप्रेम नमस्कार. मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ५४, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. महिला दिनाच्या निमित्ताने सांगलीत सवलतीत मॅमोग्राफी करून मिळत होती, म्हणून शाळेतल्या आम्ही चौघी गेलो. मला कसलाही त्रास नव्हता, हाताला गाठही लागत नव्हती. तिघींचे रिपोर्ट चांगले आले. माझ्या उजव्या बाजूला बारीक पांढरे ठिपके दिसले. जाड सुईने तुकडा काढून तपासला, त्यात डीसीआयएस, लो ग्रेड असं आलंय. जागा ९ मिलिमीटरची आहे. सर्जन म्हणाले, कॅन्सर आहे, पण लवकर सापडला, नशीबवान आहात. पूर्ण स्तन काढू, काखेतल्या गाठी काढू, मनाची तयारी असेल तर दुसरी बाजूही एकदमच काढू, म्हणजे आयुष्यभराचा घोर मिटला. पुढच्या सोमवारची तारीख दिलीय. माझ्या थोरल्या जाऊबाई याच आजाराने गेल्या. शेवटी शेवटी त्यांची जखम मी धुतलीय. त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच, काढून टाक, विषय संपव. पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, हा कॅन्सरच नसतो, घाबरवून पैसे काढतात, काहीच करू नकोस. तुळशीच्या लग्नानंतर मुलीचं लग्न धरलंय. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. कुणाचं ऐकू?’
— एक शिक्षिका, तासगाव तालुका

ताई,

आधी दवाखान्यात फोन करा आणि सोमवारची तारीख पुढे ढकला. ऑपरेशन रद्दच करा, असं मी म्हणत नाही. रिपोर्टमध्ये तुम्ही लिहिलंय तसंच असेल, तर तीन-चार आठवडे थांबल्याने आजार हाताबाहेर जाणार नाही. त्या तीन-चार आठवड्यांत जे कळेल, त्यावर मात्र तुमचं ऑपरेशन केवढं करायचं हे ठरणार आहे. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे, तेवढा वेळ तुमच्या हाताशी आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंटना आम्ही सहसा दिसत नाही. ‘तुकडा तपासायला पाठवला’ असं तुम्ही म्हणता, तो तुकडा आमच्या टेबलावर येतो. म्हणून सर्जन, सासर आणि भाचा यांचं काय ते नंतर बघू, आधी त्या तुकड्याचं बोलते.

स्तनात दूध वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढत जातात, नळी भरते, पण नळीची भिंत शाबूत असते. याला डीसीआयएस म्हणतात. तुमच्याकडे द्राक्षबागेत ठिबकच्या नळीत क्षार साचतो, तो नळीच्या आत असतो, मातीत गेलेला नसतो, तसं. सूक्ष्मदर्शकाखाली लो ग्रेड, म्हणजे पेशी कमी बिघडलेल्या असलेलं, डीसीआयएस फार शिस्तीचं दिसतं. लहान लहान, एकसारख्या पेशी, मधे ठाशीव गोल भोकं, आणि सगळ्याच्या बाहेरून पेशींची एक पातळ रांग. ही रांग आम्ही मुद्दाम वेगळ्या रंगाने रंगवून बघतो. ती सलग असली की आतल्या पेशी बाहेर पडलेल्या नाहीत. आणि ज्या पेशी नळीबाहेर पडलेल्या नाहीत, त्या काखेत, फुप्फुसात, हाडांत जाऊ शकत नाहीत. म्हणूनच याची गणती पहिल्या स्टेजमध्येसुद्धा होत नाही, याला शून्य स्टेज म्हणतात.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, ‘जखम मी धुतलीय.’ ज्या बाईने हे केलंय तिला नुसतं ‘घाबरू नका’ म्हणणं मला जमणार नाही. तुमची भीती पाहिलेली आहे, ऐकीव नाही. पण ताई, ती भीती जाऊबाईंच्या आजाराची आहे. त्यांची गाठ कातडीपर्यंत येऊन फुटली होती, म्हणजे आजार कधीच नळीबाहेर पडून पसरला होता. तुमच्या उजव्या बाजूला काल जे होतं आणि आज जे आहे, ते वेगळं आहे. घरातले सगळे तुम्हाला ‘काढून टाक’ म्हणतात ते मायेपोटीच, पण त्यांच्या डोळ्यांसमोर तुमचा रिपोर्ट नाही, जाऊबाईंचं अंथरूण आहे. आणि जाऊबाई तुमच्या रक्ताच्या नात्यातल्या नव्हेत. त्यांच्या आजारामुळे तुमचा धोका तसूभरही वाढत नाही. तुमची आई, मावशी, आत्या, सख्खी बहीण यांच्यापैकी कुणाला कमी वयात स्तनाचा किंवा कधीही अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर मात्र तो डॉक्टरांना आवर्जून सांगा, तिथे हिशेब बदलतो. जाऊबाईंना मुली असतील तर त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना आईचा आजार सांगायला हवा. घरात या विषयावर एवढं बोलणं होतंय, तर हेही बोलून घ्या.

आता भाच्याचं. तो अर्धा बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असलेलं माणूस फार ठामपणे बोलतं.

मॅमोग्राफी नव्हती तेव्हा डीसीआयएस क्वचित सापडायचं. अमेरिकेत मॅमोग्राफी सरसकट व्हायला लागल्यावर स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या साधारण दर पाच जणींत एक डीसीआयएसची निघू लागली. या सगळ्यांचा पुढे मोठा कॅन्सर होणार असता, तर दरवर्षी एवढ्या जणींचं डीसीआयएस काढून टाकल्यावर मोठ्या कॅन्सरचं प्रमाण त्याच मानाने खाली यायला हवं होतं. तसं ते आलं नाही. म्हणजे यातल्या बऱ्याच जणींना तो आजार आयुष्यभर कळलाही नसता आणि त्याने काही केलंही नसतं. ब्रिटनमध्ये २०१२ साली सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सगळे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. पन्नाशीच्या १०,००० स्त्रियांना वीस वर्षं मॅमोग्राफीला बोलावलं, तर ४३ जणींचा मृत्यू टळतो, आणि १२९ जणींना असा कॅन्सर सांगितला जातो जो त्यांना आयुष्यात कधीच त्रास देणार नव्हता. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. वाचलेल्या ४३ जणींचं महत्त्व मी कमी करणार नाही. पण त्या १२९ जणींनीही ऑपरेशन सोसलं, शेक (रेडिएशन) सोसला, आणि पुढचं सगळं आयुष्य कॅन्सरची पेशंट म्हणून काढलं. त्यांच्याविषयी शिबिराच्या फलकावर कुणी लिहीत नाही.

मग भाचा चुकतो कुठे? त्या १२९ जणी कोणत्या, हे कुणालाच ओळखता येत नाही. हा हिशेब हजारोंचा आहे, एका बाईकडे बोट दाखवून ‘हिला काही होणार नाही’ असं सांगण्याची तपासणी अजून निघालेली नाही. शिवाय तुमच्या हातात आहे तो सुईने काढलेल्या काही बारीक काड्यांचा रिपोर्ट. सुईत डीसीआयएस निघालेल्या जणींचं ऑपरेशन करून पूर्ण भाग तपासला, की साधारण चारातल्या एकीत कुठेतरी नळीबाहेर पडलेला कॅन्सरही सापडतो. लो ग्रेडमध्ये हे प्रमाण कमी असतं, पण शून्य नसतं. ‘काहीच करू नकोस’ म्हणणाऱ्याने हे विचारात घेतलेलं नाही.

तुमच्यासारख्या स्त्रियांवरच एक मोठा अभ्यास झालाय, कॉमेट नावाचा, अमेरिकेत. चाळिशीपुढच्या, कमी धोक्याचं डीसीआयएस असलेल्या, हाताला गाठ न लागणाऱ्या ९५७ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना नेहमीप्रमाणे ऑपरेशन सुचवलं, निम्म्यांवर दर सहा महिन्यांनी मॅमोग्राफी करून लक्ष ठेवलं. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल आला. दोन वर्षांत त्या बाजूला पसरणारा, म्हणजे नळीबाहेर पडलेला, कॅन्सर सापडला तो ऑपरेशनच्या गटात ५.९ टक्के जणींत आणि लक्ष ठेवलेल्या गटात ४.२ टक्के जणींत. म्हणजे थांबलेल्यांचं जास्त वाईट झालं नाही. बातमी मोठी आहे, मी ती वाचली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. पण दोन वर्षं म्हणजे या आजाराच्या दृष्टीने काहीच नाही, आणि लक्ष ठेवलेल्यांपैकी बऱ्याच जणी हार्मोनची, म्हणजे हार्मोनचा परिणाम रोखणारी, गोळीही घेत होत्या. तुमचं वय ५४ आहे. तुम्हाला पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचा विचार करायचाय.

म्हणून माझं मत सांगते. नुसतं लक्ष ठेवणं हा वेडेपणा नाही, काही वर्षांनी कदाचित तोच सर्रास सल्ला असेल. पण आज, आपल्या भागात, त्याला एक अट आहे, दर सहा महिन्यांनी चांगल्या डिजिटल मशीनवर मॅमोग्राफी, तेच ठिपके मोठे करून जुन्या फिल्मशी ताडून बघणारा रेडिओलॉजिस्ट, आणि वर्षानुवर्षं न चुकता जाणारी पेशंट. लग्न, परीक्षा, निवडणुकीचं काम, सासूबाईंचं आजारपण यातून बाई स्वतःची तपासणी आधी पुढे ढकलते, हे मी पुष्कळ पाहिलंय. तुमच्या जागी माझी धाकटी बहीण असती, तर मी तिला ठिपक्यांचा तेवढाच भाग काढायला सांगितलं असतं. पूर्ण स्तन नाही, काख नाही, दुसरी बाजू तर नाहीच.

हे मी अंदाजाने सांगत नाही. खराखुरा, नळीबाहेर पडलेला कॅन्सर असतानासुद्धा पूर्ण स्तन काढलाच पाहिजे असं नाही, हे केव्हाच सिद्ध झालंय. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून हा अभ्यास केला. काही जणींचा स्तन काढला, काही जणींची फक्त गाठ काढून शेक दिला. २००२ मध्ये दोघांचेही वीस वर्षांचे निकाल आले, जगण्यात काहीही फरक नाही. डीसीआयएसचं तर त्याहून सौम्य आहे. अमेरिकेतल्या १,०८,१९६ स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. डीसीआयएसच्या निदानानंतर वीस वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू येण्याचं प्रमाण ३.३ टक्के होतं. म्हणजे शंभरातल्या ९६-९७ जणींना या आजाराने मृत्यू आला नाही. आणि जास्त मोठं ऑपरेशन केलेल्या जणी त्यामुळे जास्त जगल्या, असंही दिसलं नाही.

पूर्ण स्तन काढणं कधी योग्य असतं? ठिपके स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत पसरलेले असतील, दोनदा कापूनही काढलेल्या भागाची कड स्वच्छ, म्हणजे आजार नसलेली, मिळत नसेल, काही कारणाने शेक देताच येत नसेल, किंवा घराण्यातच जनुकीय दोष सापडला असेल. किंवा सगळं नीट समजून घेतल्यावर बाईलाच तसं हवं असेल, तो तिचा हक्क आहे. तुमच्या ९ मिलिमीटरला यातलं काही लागू होताना मला दिसत नाही.

काखेचं विचारा. नळीबाहेर न पडलेला आजार काखेत जात नाही, म्हणून फक्त तेवढा भाग काढायचा असेल तर डीसीआयएसमध्ये काखेला हात लावायचं कारण नसतं. पूर्ण स्तन काढणार असतील, तर काखेतल्या पहिल्या एक-दोन गाठी, म्हणजे लसीका ग्रंथी, तपासतात, कारण ती तपासणी नंतर करता येत नाही. पण सगळ्या गाठी सरसकट काढणं तुमच्या रिपोर्टवर बसत नाही. काख साफ केली की काही जणींचा हात कायमचा सुजतो, जड होतो. तुमचा फळ्यावर लिहायचा हात उजवा असेल, तर नुकसान कुठे होईल ते तुम्हीच बघा. आणि किमो? निव्वळ डीसीआयएसला किमो देत नाहीत. कुणी सुचवलीच, तर ‘नळीबाहेर पडलेला कॅन्सर रिपोर्टमध्ये कुठे लिहिलाय ते दाखवा’ असं सरळ म्हणा.

तुमच्या सर्जनांनी एवढं मोठं ऑपरेशन का सुचवलं असेल? त्यांच्या मनातलं मला कसं कळणार? पण आपल्याकडे असं का होतं, ते सांगू शकते. त्यांच्यासमोर रोज येतात त्या जाऊबाईंसारख्या, उशिरा आलेल्या बायका. त्यांना पूर्ण ऑपरेशनच लागतं, तेच हाताचं वळण होतं. पेशंट पुन्हा दाखवायला येईल याची खात्री नसते, म्हणून ‘एकदाच काय ते’ करून टाकण्याकडे कल असतो. काही ठिकाणी पैसाही असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एक कारण असं आहे की ते पेशंटला कुणी सांगतच नाही. तुमची गाठ हाताला लागत नाही, मग सर्जन टेबलावर कापणार कुठे? त्यासाठी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी रेडिओलॉजिस्ट मॅमोग्राफीत बघून ठिपक्यांपर्यंत एक बारीक तार बसवतो, सर्जन त्या तारेच्या मागाने जाऊन तेवढा भाग काढतो. काढलेल्या तुकड्याचा तिथल्या तिथे एक्स-रे काढतात, ठिपके त्यात आलेत का बघतात, आणि मगच टाके घालतात. मग तो आमच्याकडे येतो. आम्ही त्याच्या बाजूंना वेगवेगळे रंग लावतो, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली कुठल्या कडेपासून आजार किती लांब आहे ते मोजता येतं. पुढे शेक देणार असतील तर दोन मिलिमीटर स्वच्छ कड पुरते. ही तार बसवायची सोय ज्या दवाखान्यात नाही, तिथे पूर्ण स्तन काढणं हाच सोपा मार्ग उरतो. दवाखान्याची सोय नाही म्हणून तुमचा स्तन जाता कामा नये. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा, ‘तुमच्याकडे तार बसवून ऑपरेशन होतं का? नसेल तर कुठे होतं?’ चांगला सर्जन रागावणार नाही. रागावला तर दुसरीकडे जायला तेवढं कारण पुरे आहे.

त्याआधी मात्र स्लाइड दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, तीही स्तनाच्याच स्लाइड रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला. आमच्यातही मतभेद होतात, ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत २०१५ साली ११५ पॅथॉलॉजिस्टांना स्तनाच्या तुकड्यांच्या स्लाइड वाचायला दिल्या आणि त्यांची उत्तरं तज्ज्ञांच्या निर्णयाशी ताडून पाहिली. नळीबाहेर पडलेल्या कॅन्सरमध्ये जवळजवळ सगळ्यांचं जुळलं. डीसीआयएसमध्ये ८४ टक्के जुळलं. आणि डीसीआयएसच्या अलीकडचा जो टप्पा असतो, पेशी जरा वेगळ्या दिसतात पण कॅन्सर म्हणता येत नाही, त्यात फक्त ४८ टक्के. हा टप्पा आणि लो ग्रेड डीसीआयएस यांच्यातली रेघ फार पुसट आहे, कधी कधी दोन मिलिमीटरच्या हिशेबावर ठरते. ९ मिलिमीटर हा आकडा मॅमोग्राफीतल्या ठिपक्यांच्या जागेचा असणार, सुईच्या काडीत त्यातलं किती आलं ते वेगळं. रिपोर्टच्या पानावर चार गोष्टी शोधा: ग्रेड, नेक्रोसिस म्हणजे मेलेल्या पेशी आहेत का, नळीबाहेर पडलंय का, आणि ईआर-पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनला दाद देणारं, आहे का. यातली एखादी लिहिलेलीच नसेल, तर रिपोर्ट अपुरा आहे.

लॅबमध्ये जाऊन ‘स्लाइड आणि ब्लॉक’ दोन्ही मागा. ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी चौकोनी वडी, जाळीदार प्लास्टिकच्या कॅसेटवर बसवलेली, कडेला तुमच्या केसचा नंबर लिहिलेला. तुमचा तुकडा त्या मेणात आहे, आणि त्यातून पुन्हा नव्या स्लाइड कापता येतात, म्हणून नुसत्या स्लाइडवर भागवू नका. अर्ज लिहून, सही करून लॅब ते देते. दवाखान्यातले बाकीचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत, असा डॉक्टरांसाठीचा २००२ चा नियमच आहे. कॅसेटवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे ना, तिथेच उभं राहून ताडा. उन्हात तापलेल्या गाडीत ब्लॉक ठेवू नका, मेण मऊ होतं.

परळला टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड-ब्लॉक बघून मत देतात. रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेस धरली की सकाळी दादरला उतरता येतं. जाणं अगदीच शक्य नसेल, तर टाटाशी आणि राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडशी, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याशी, जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा आहे, तिथे सगळे रिपोर्ट पाठवून तज्ज्ञांचं लेखी मत मिळतं. मुलीला बसवा शेजारी, ती तासाभरात करेल. मत काहीही आलं तरी उपचार मिरजेत होऊ शकतो, त्यासाठी मुंबईत राहायची गरज पडणार नाही.

मत आल्यावर तीन शक्यता आहेत. अलीकडचा टप्पा निघाला, तर तो छोटा भाग काढून तपासतील, बाकी काही नाही. लो ग्रेड डीसीआयएसच निघालं, तर वर सांगितलं तेच, तार बसवून तेवढा भाग. आणि हाय ग्रेड निघालं किंवा नळीबाहेर पडलेलं सापडलं, तर ताई, मग या पत्रातलं पुष्कळसं तुम्हाला लागू राहणार नाही. मग पुढचे उपचार टाळू नका, पूर्ण घ्या, आणि ‘जास्तीचे उपचार होतात’ हे वाक्य घरात कुणाला उच्चारू देऊ नका.

भाग काढल्यावर शेक घ्यायचा का, हा खरा अवघड प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुम्हीच द्यायचंय. तुमच्यासारख्याच, लहान, कमी-मध्यम ग्रेडच्या, कड स्वच्छ असलेल्या ६३६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात पंधरा वर्षांनी त्याच स्तनात आजार परत आला तो शेक घेतलेल्या शंभरातल्या ७ जणींत आणि न घेतलेल्या शंभरातल्या १५ जणींत. परत आलेल्यांतले निम्म्याहून जास्त पसरणारे होते. जगण्यात फरक पडला नाही. १५ हा आकडा ऐकून कुणाला झोप लागणार नाही, कुणी म्हणेल ८५ जणींचं काही बिघडलं नाही. दोघीही बरोबर. हल्ली शेक तीन आठवड्यांत संपतो, मिरजेला रोज जाऊन-येऊन जमण्यासारखा आहे. हार्मोनच्या गोळीचंही असंच, परत येण्याचं प्रमाण कमी होतं, आयुष्य वाढत नाही, आणि गोळीचे स्वतःचे त्रास आहेत. ऑपरेशनचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय हे दोन्ही ठरवू नका.

लग्नाची तारीख हलवायचं काही कारण नाही. छोट्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवड्यांत तुम्ही घरकामाला लागाल, शेक घेतला तरी गणपतीच्या आसपास सगळं आटोपलेलं असेल. गावात सांगायचं की नाही, हे तुम्ही दोघं ठरवा. मुलीच्या सासरी लपवायची वेळ यावी असं यात काही नाही, पण सांगितलंच पाहिजे असंही नाही. खर्चाची मूळ बिलं आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, प्रतिपूर्तीच्या प्रस्तावाला लागतील.

यजमानांना काय सांगायचं, तेही लिहिते, कारण घरात बोलताना शब्द सुचत नाहीत. म्हणा, ‘अहो, मी ऑपरेशनला नाही म्हणत नाही. वहिनींचा आजार बाहेर पसरला होता, माझा नळीच्या आत आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत येईपर्यंत तीन आठवडे द्या. तुम्ही बरोबर चला आणि तुम्हीच विचारा.’ पुरुष माणसाला विचारायचं काम दिलं की तो ऐकतो.

आणि शाळेतल्या त्या तिघींसाठी, तसंच हे वाचणाऱ्या इतरांसाठी. माझं वरचं सगळं लिहिणं ज्यांना काहीच त्रास नसताना मशीनमध्ये ठिपके सापडले, त्यांच्यासाठी आहे. हाताला गाठ लागतेय, बोंड आत ओढलं जातंय, बोंडातून रक्त येतंय, कातडीला खळी पडलीय, अशी बाई या पत्राचा आधार घेऊन घरी बसली तर मला फार वाईट वाटेल. तिने याच आठवड्यात दाखवायचं. आपल्या भागात आजही जास्त बायका जातात त्या उशिरा आल्यामुळे. मुंबईत टाटा मेमोरियलचे डॉ. इंद्रनील मित्रा यांनी १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर अभ्यास केला. निम्म्या जणींची, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निकाल छापून आले. आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, शिबिराचा मंडप नाही, शिकलेला हात. हातांना ९ मिलिमीटरचं डीसीआयएस सापडत नाही, आणि तुमचं पत्र वाचल्यावर मला ते त्या तपासणीचं उणेपण वाटत नाही. सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या स्त्रियांची अशी तपासणी आहे. आशाताईंना विचारा, गावच्या उपकेंद्रात कोणत्या दिवशी होते ते त्या सांगतील.

ऑपरेशननंतर वर्षातून एकदा दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी करायची, शक्यतो एकाच ठिकाणी. मार्चमधल्या फिल्म आणि सीडी दवाखान्यात जमा करून टाकू नका. पुढच्या प्रत्येक वेळी त्याच बरोबर न्यायच्या आहेत.